लेकीला दोन वर्षं शाळेत शिकवायला जायचंय. जाऊ द्यावं का?

अबोलीचा_गजरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृती आणि कुंडीतली बाग या दोनच विभागांत असते. शिक्षण विभागात हा पहिलाच धागा, चुकीच्या जागी पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

धाकटी लेक यंदा पुण्यातून मेकॅनिकल इंजिनिअर झाली. हिंजवडीतल्या एका कंपनीचं पत्र हातात आहे, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं. मधेच तिनं एका फेलोशिपचा अर्ज भरला होता. तीन फेऱ्या झाल्या, तोवर आम्ही म्हणत होतो की हौस आहे, विरेल आपोआप. तर निवडच झाली. दोन वर्षं पूर्ण वेळ, महापालिकेच्या शाळेत एका वर्गाची जबाबदारी. मानधन कंपनीच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच चर्चा तिकडे जाते.

ह्यांचं म्हणणं, दोन वर्षांनी परत येशील तेव्हा तुझ्याबरोबरचे दोन पायऱ्या वर असतील. शिवाय, "शाळा सुधारायला निघालीस, आधी स्वतःची खोली आवर." (खोलीबद्दल मी ह्यांच्याशी सहमत आहे.)

तिचं म्हणणं, सहावीत एका बाईंनी शाळा सुटल्यावर बसवून अपूर्णांक शिकवले नसते तर मेकॅनिकल सोडाच, ती दहावीलाच गणितात अडकली असती.

माझा प्रश्न पैशाचा नाही. बावीस वर्षांची मुलगी, शिकवण्याचा अनुभव शून्य, दोन वर्षांसाठी वर्गात जाते. त्यात त्या मुलांचं खरंच काही भलं होतं, की मुलांच्या जिवावर हिचंच शिक्षण होतं? ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं. रविवारपर्यंत कळवायचं आहे.

तळ्यातमळ्यात

जाऊ द्या हो ताई. हिंजवडी कुठे पळून जात नाही. तिथली वाहतूक तर अजिबातच पळत नाही.

कट्टा_नंबर_७

मी काकांच्या बाजूनं. हा सगळा दोन वर्षांचा समाजसेवेचा शिक्का असतो, पुढे परदेशातल्या अर्जावर शोभून दिसतो. मुलं तिथेच राहतात.

खडूची_भुकटी

वरचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो. मी २०१३ ते १५ अशी दोन वर्षं हेच केलं. इंजिनिअरच होतो, त्यामुळे बरंच जुळतंय. संस्थेचं नाव मीही घेत नाही.

आम्हाला पाचेक आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण होतं. त्यातून बाहेर पडलो तेव्हा आपल्याला सगळं येतं असं वाटत होतं. वर्ग पाचवीचा, इंग्रजी माध्यमाचा, पटावर ४३. एका लांबड्या खोलीत दोन वर्ग, मधे कपाटांची भिंत. पहिले पंधरा दिवस मी तक्ते लावले, गाणी म्हटली, फळ्यावर लिहिलं. मुलं सगळं सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची. वह्या पाहून मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात एकेकाला जवळ बसवून वाचायला लावलं. ४३ पैकी ११ जणांना पहिलीच्या पुस्तकातला परिच्छेद अडखळत का होईना वाचता येत होता. बाकीचे अक्षरं काढत होते, म्हणजे अक्षरशः चित्र काढतात तशी. इतका सुबक 'फोटोसिंथेसिस' लिहिणाऱ्या मुलीला 'कॅट' वाचता येत नव्हतं.

त्या दिवसानंतर मी पाचवीचं पुस्तक दुपारनंतरच उघडायला लागलो. सकाळचे दोन तास गट करून वाचन. ज्यांना अक्षरंच येत नाहीत ते माझ्याजवळ सतरंजीवर, ज्यांना शब्द येतात ते खिडकीकडे, जे वाचतात त्यांच्या हातात गोष्टीचं पुस्तक. चमकदार काही नाही. फोटो काढण्यासारखं तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट कबूल करतो. वर्ग चालवायला मला कपाटापलीकडच्या बाईंनी शिकवलं. १९ वर्षं नोकरी झालेल्या. माझा वर्ग गोंगाट करायला लागला की मी ओरडायचो. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही आवाज चढवला की ती पण चढवणार. तुम्ही उतरवून बघा." आणि पालकसभेचं. मी दोनदा सकाळी १० ला बोलावली, एकही पालक नाही. मी संस्थेच्या अहवालात लिहून मोकळा झालो की पालकांना आस्था नाही. बाईंनी ते वाचलं आणि हसल्या. "निम्म्या आया धुण्याभांड्याच्या कामावर असतात, दुपारी १ नंतर सुटतात. दीडला ठेवा." दीडला ३१ जणी आल्या.

दोन वर्षांनी ४३ मधले ३० च्या वर वाचत होते. सात-आठ जणांचं मला काहीच करता आलं नाही, ती नावं अजून पाठ आहेत. शेवटच्या महिन्यात एका मुलानं विचारलं, "सर, तुम्ही पण जाणार?" तो 'पण' कुठून आला ते कळायला मला जरा वेळ लागला. माझ्याआधी त्या वर्गावर दुसरा फेलो होता.

अबोलीचा_गजरा

खडूची_भुकटी, दोनदा वाचला प्रतिसाद. लेकीलाही पाठवला. ती म्हणते, "ह्या सरांना विचार, त्या बाईंचं पुढे काय झालं?"

खडूची_भुकटी

बाई तिथेच आहेत. मी निघताना माझी गटांची यादी त्यांनी मागून घेतली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. नंतर दोन वर्षांनी गेलो होतो, यादी होती पण नावं नवी होती. माझ्या दोन वर्षांतलं टिकलेलं म्हणाल तर ते कपाटाचं दार.

गुरुजी_धुळेकर

जिल्हा परिषद शाळा, शिंदखेडा तालुका, धुळे जिल्हा. नोकरी २२ वर्षं. पट ५४, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत दोनच मिळतात, म्हणजे कागदावर आम्ही परिपूर्ण आहोत. प्रत्यक्षात दोघांत चार वर्ग, आणि त्यातला एक जण कायम पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, नाहीतर मतदार याद्या यांत अडकलेला.

आमच्याकडे अशी मंडळी दोन प्रकारची आली. नावं घेणार नाही.

पहिली टोळी पाच जणांची. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. येताना फलक घेऊन आले होते, तो आधी शाळेच्या भिंतीवर आमच्याच खिळ्यावर लावला. तीन दिवस. मुलांना टोप्या करून दिल्या, नाच बसवला, फोटो काढले. मुलांना मजा आली हे खरं, मी खोटं बोलणार नाही. चौथ्या दिवशी मुलं म्हणाली, "सर, आज पण नाच?" ती घडी परत बसवायला मला आठवडा लागला.

दुसरी एकटीच आली, पुण्याची, बी.एस्सी. झालेली. दहा महिने राहिली, गावातच भाड्यानं. पहिल्या महिन्यात तिच्यावर मी वैतागलो होतो. आमच्या भागात अहिराणी. 'ळ' आमच्या तोंडात नाही, त्याचा 'य' होतो. शाळेला शाया, काळ्याला काया, डोळ्याला डोया. पोरगं पुस्तकातलं 'डोळा' बघून 'डोया' वाचायचं आणि ही बाई लाल पेनानं गोल करायची. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तोंड उघडणं बंद केलं.

मी तिला बसवून म्हटलं, बाई, तो चुकला नाही. त्याला अर्थ कळला म्हणून तो घरचा शब्द बोलला. अर्थ न कळता 'डोळा' म्हणाला असता तर तुम्ही बरोबरची खूण केली असती, आणि ती चूक ठरली असती.

पोरगी हुशार. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वहीत मधोमध रेघ मारून आणली. एकीकडे 'घरचा शब्द', दुसरीकडे 'पुस्तकातला शब्द'. आंडेर आणि मुलगी. आंडोर आणि मुलगा. पोरं घरून आजीला विचारून शब्द आणायला लागली. पहिल्यांदा असं झालं की वर्गात बाई शिकतेय आणि पोरं शिकवताहेत. पोरं लाजायची थांबली आणि मग वाचायलाही लागली.

ती गेली. ती वही आता चौथी चालू आहे, मीच चालवतो. २२ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, हे इथे खोट्या नावानं लिहितोय म्हणून लिहितो. आणि मी सांगितलं नसतं तर तिलाही सुचलं नसतं.

ताई, लेकीला जाऊ द्या. फक्त तिला सांगा, शाळेत आधीपासून एक माणूस बसलेला असतो.

तळ्यातमळ्यात

गुरुजी, टोपी काढून नमस्कार. (त्या पाच जणांनी दिलेली टोपी नव्हे.)

डीएड_बॅच_०९

सगळे भावुक झालेत म्हणून जरा थंड पाणी ओततो.

मी २००९ चा डी.एड. बारावीला चांगले मार्क पडले की डी.एड., नोकरी हमखास, असं तेव्हा गावागावात होतं. कॉलेजं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. आम्ही बाहेर पडलो तोवर भरती आटली. २०१३ पासून टेट (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, दिली, पास झालो. मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, पहिली २०१७ च्या डिसेंबरात. दिली. दुसरी थेट २०२३ मध्ये. मधे एका खासगी संस्थेत मुलाखतीला गेलो तर त्यांनी जागेचा आकडा सांगितला, तेवढ्यात आमच्याकडे दोन एकर येते. आज माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वर्गमित्रांतला एक बँकेचा एजंट, एक पोलिसात, एक खरोखर शिक्षक झाला तोही आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे ठरावीक मानधनावर. ही योजना २००० साली आली तेव्हा प्राथमिकला महिना ३००० रुपये होते. ते १६००० व्हायला २०२३ उजाडलं.

आता इंजिनिअर झालेली मुलगी पाच आठवडे शिकून वर्गावर जाणार आणि तिच्यावर लेख येणार. मी दोन वर्षं बालमानसशास्त्र, आशययुक्त अध्यापन, सराव पाठ सगळं करून दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवतोय. मग सांगा, शाळेत माणसं कमी आहेत की माणसं घ्यायचीच नाहीत? फुकटात किंवा स्वस्तात मिळतात म्हटल्यावर पक्की भरती कोण करेल? २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पदवीधर शाळेतही पाठवले, महिना १०००० विद्यावेतन, आधी सहाच महिने. त्यातली दोन मुलं माझ्या गल्लीतली. मुलांना त्यांचा लळा लागला आणि मुदत संपली.

ताईंच्या मुलीवर राग नाही. तिनं जावं. पण कौतुकाच्या थाळीत आमचाही एक घास असू द्या.

गुरुजी_धुळेकर

भाऊ, तुमचा प्रत्येक शब्द खरा आहे. माझ्या शाळेतली तिसरी जागा मिळाली असती तर तिच्यावर तुम्हीच हवे होतात.

कट्टा_नंबर_७

हेच मी एका ओळीत म्हणत होतो, तर मला कोणी विचारलं नाही.

अटलांटिकपार

इकडचा अनुभव. हे 'पदवीधर दोन वर्षं शाळेत' प्रकरण मूळचं अमेरिकेतलं. वेंडी कॉप नावाच्या प्रिन्स्टनच्या विद्यार्थिनीनं १९८९ साली पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधात ही कल्पना मांडली, आणि १९९० मध्ये जवळजवळ ५०० जणांची पहिली तुकडी 'टीच फॉर अमेरिका' म्हणून वर्गांवर गेलीसुद्धा. इंग्लंडमध्ये २००२ ला 'टीच फर्स्ट', आणि भारतात 'टीच फॉर इंडिया'ची पहिली तुकडी २००९ मध्ये मुंबई-पुण्यातच. ते सुरू करणाऱ्या शाहीन मिस्त्रींनी त्याआधी मुंबईत 'आकांक्षा' उभी केली होती, तीही कॉलेजच्या मुलांना वस्तीतल्या मुलांना शिकवायला घेऊनच.

डी.एड.वाल्या भावांचा प्रश्न इकडेही तीस वर्षं चालू आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये सात हजारांच्या वर शाळा कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. त्यात वर्षानुवर्षं शिकवणारे शिक्षक होते, बहुसंख्य कृष्णवर्णीय. नंतर तिथे नवे पदवीधर मोठ्या संख्येनं आले. त्या गावात या विषयावर अजून जपून बोलावं लागतं.

ताईंनी विचारलेल्या नेमक्या प्रश्नावर मोजमापही झालं. मॅथमॅटिका या संशोधन संस्थेचा २००४ चा अभ्यास आहे. प्राथमिक वर्गात या तरुण शिक्षकांची मुलं गणितात थोडी पुढे गेली, साधारण महिनाभराच्या जादा शिक्षणाइतकी. वाचनात फरक दिसला नाही. म्हणजे चमत्कारही नाही आणि सत्यानाशही नाही.

आकडेमोड

अटलांटिकपार यांनी अमेरिका गाठली, मी मुंबईतच थांबतो, कारण इथे याहून चांगला पुरावा पडून आहे आणि तो आपल्यालाच ठाऊक नसतो.

'प्रथम' ही संस्था १९९५ ला मुंबईत सुरू झाली, माधव चव्हाण आणि मंडळी. त्यांचा 'बालसखी' उपक्रम. महापालिका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या वर्गांतली जी मुलं मागे पडलीत अशी १५-२० बाजूला घ्यायची आणि रोज दोन तास त्यांना फक्त पाया शिकवायचा. शिकवणारी बालसखी त्याच वस्तीतली तरुण मुलगी. तिची तयारी दोन आठवड्यांची, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली, कुठल्या शाळेत बालसखी द्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, मागे पडलेल्यांची सगळ्यात जास्त. ही चाचणी करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो पुढे २०१९ चं नोबेल घेऊन गेले.

आता गंमत बघा. या बालसख्या पदवीधर नव्हत्या. बहुतेकींचं शिक्षण दहावी-बारावीचं. सहा-सहा वर्षं इंजिनिअरिंगच्या क्लासवर घालवलेल्या आपल्या मुलांना हे जरा झोंबेल. काम केलं ते दोन गोष्टींनी. मूल कुठल्या इयत्तेत आहे ते विसरून त्याला काय येतं तिथून सुरुवात केली. आणि शिकवणारी रोज आली. खडूची_भुकटी यांनी सतरंजीवर जे केलं ते हेच, फक्त त्यांना ते शोधायला तीन आठवडे लागले.

कडू भागही सांगतो. उपक्रम संपल्यावर वर्षभरानं पाहिलं तर फायदा बराचसा ओसरला होता. म्हणून कपाटाचं दार आणि गुरुजींची चौथी वही, या दोन गोष्टी मला या धाग्यात सगळ्यात मोलाच्या वाटल्या.

अजून गरज आहे का, असं कोणी विचारेल. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीचा धडा वाचता आला. ही पाहणी २००५ पासून चालू आहे.

खडूची_भुकटी

आकडेमोड, तीन आठवडे बरोबर. सांगायला कोणी नव्हतं असंही नाही, प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी 'फोटोसिंथेसिस'च्या अक्षरावर भाळलो होतो.

बुधवारातले_आजोबा

वय ७४, निवृत्त मुख्याध्यापक. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

दोन वर्षांची फेलोशिप नवी असेल, पदवीधरांनी शाळा काढणं आपल्याकडे जुनं आहे. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं तेव्हा टिळक २३ वर्षांचे होते, बी.ए., एलएल.बी. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आलेले. आगरकर एम.ए. होऊन १८८१ मध्ये आले. तेव्हाच्या एम.ए.ला सरकारात काय मिळालं असतं, ते तुमच्या हिंजवडीवाल्यांना मोजायला सांगा. पुढे १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ ला फर्ग्युसन. आजीव सदस्याचा करार २० वर्षांचा आणि पगार महिना ७५ रुपये. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तो पुरता पाळला.

आणि ज्यांना वाटतं की जुने लोक पैशाच्या वर होते त्यांच्यासाठी: १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले त्या वादात आजीव सदस्यांनी बाहेर कमवावं की नाही हाच मोठा मुद्दा होता. मानधनाचं भांडण तुमच्या पिढीनं शोधलेलं नाही.

दोन वर्षं मला कमी वाटतात. वर्गाची नस सापडायलाच एक वर्ष जातं.

रानजाई

आजोबा, आदर राखून. ती शाळा पेठेतल्या मुलांची होती, घरात पोथी-पुस्तक असलेल्यांची. या धाग्यातली मुलं वेगळी आहेत. ज्यांना शिकूच दिलं जात नव्हतं अशा मुलींसाठी १८८० च्या बत्तीस वर्षं आधी भिडेवाड्यात शाळा निघाली आणि तिथे शिकवणारी मुलगी १७ वर्षांची होती. सावित्रीबाईंकडे पदवी कुठे होती? प्रशिक्षण मात्र त्यांनी रीतसर घेतलं होतं, हे बहुतेक जण विसरतात.

बुधवारातले_आजोबा

रानजाई, मान्य. आणखी एक नाव घाला. ताराबाई मोडक, १९१४ च्या बी.ए. बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांबरोबर. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. पालकसभा दुपारी दीडला ठेवण्याच्या गोष्टीवरून ते आठवलं.

तळ्यातमळ्यात

धागा वर काढतोय, रविवार आला. ताई, निकाल?

अबोलीचा_गजरा

सगळ्यांचे मनापासून आभार. निकाल लागायचाय. ह्यांनी सगळा धागा वाचला, डी.एड. भाऊंचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणाले, "हा माणूस खरं बोलतोय." मग बराच वेळ गॅलरीत उभे होते.

एक सांगायचं राहिलं. मीही डी.एड. आहे, १९९४ ची. लग्न झालं, बदल्या झाल्या, राहिलंच. घरात हा विषय कधी निघत नाही, त्यामुळे इथेही लिहिला नव्हता.

व्यावहारिक दोन-तीन गोष्टी कोणी सांगेल का? राहण्याचं, परत नोकरी मिळण्याचं वगैरे.

खडूची_भुकटी

राहणं: शाळेपासून चालत जाता येईल अशी खोली. लांब राहिलात की चारनंतर तुम्ही वस्तीत नसता, आणि अर्धी गोष्ट चारनंतरच कळते. मानधनात भाडं आणि डबा होतो, शिल्लक विसरा.

नोकरी: कंपनीला पत्र लिहून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येते का विचारा. आमच्या तुकडीत दोघांना मिळाली होती, बाकीच्यांना नाही. मला नंतर नोकरी शोधायला पाच महिने लागले. पहिल्या मुलाखतीत विचारलं, "दोन वर्षं गॅप का?" मी म्हटलं, त्या गॅपमध्ये ४३ मुलं होती. नोकरी मिळाली नाही. (उत्तर मात्र अजून आवडतं मला.)

संस्थेला हे नक्की विचारा: याच शाळेत आधी फेलो होता का, तो वर्ग अर्धवट सुटला का, आणि ही निघाल्यावर त्या मुलांकडे कोण.

रानजाई

माध्यमही विचारा. मराठी माध्यमाची शाळा मिळत असेल तर मला अधिक आवडेल. तिथे कोणी जात नाही.

डीएड_बॅच_०९

ताई १९९४ च्या डी.एड. म्हणजे आमच्या सीनियर. आधी सांगायचं ना, मी इतकं तिखट लिहिलं नसतं. कुणाला पाहिजे असेल तर माझ्याकडे पहिली-दुसरीचं साहित्य आहे, काड्यांचे गठ्ठे, शब्दपट्ट्या, सगळं हातानं केलेलं. दुकानाच्या पोटमाळ्यावर पडलंय. लेकीला द्यायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा. पैसे नकोत.

अबोलीचा_गजरा

भाऊ, निरोप केलाय.

*(दोन-अडीच महिन्यांनी)*

अबोलीचा_गजरा

धागा वर काढतेय, माहिती म्हणून. लेक गेली. प्रशिक्षण संपलं, वर्ग मिळाला. चौथीचा, पट ३८, इंग्रजी माध्यमच आहे, रानजाई, माफ करा. आधीच्या फेलोनं सहा महिन्यांत सोडला होता, हे विचारलं म्हणून कळलं. कंपनीनं तारीख पुढे ढकलली नाही.

काड्यांचे गठ्ठे पोचले. पहिल्याच दिवशी एका मुलानं त्यातल्या तीन काड्या खिशात घातल्या, ती म्हणाली राहू देत.

परवा रात्री साडेदहाला फोन. रडवेला आवाज. मुलं ऐकत नाहीत, शेजारच्या बाई बोलत नाहीत, नुसत्या बघतात. ह्यांनी फोन घेतला. मला वाटलं आता 'परत ये' म्हणणार. तर म्हणाले, "त्या बाईंना विचारलंस का काही? आधी विचार तर." इथलंच वाचून, दुसरं काय.

काल परत फोन, अकरा मिनिटांचा. त्यात दहा मिनिटं पोरांची नावं. शेवटी म्हणाली, "आई, तुझ्या डी.एड.च्या पाठ टाचणाच्या वह्या आहेत का गं अजून?"

गुरुजी_धुळेकर

आहेत का?

अबोलीचा_गजरा

माळ्यावर ट्रंकेत असाव्यात. ट्रंकेवर ह्यांचा जुना कूलर ठेवलाय. रविवारी उतरवतील म्हणालेत.